ठोशामागचा हात

परभणीहून वसमतकडे निघालं की वाटेत हट्टा लागतं. हिंगोली जिल्ह्यातलं, हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या वसमत तालुक्यातलं हे गाव. इथली जुनी दगडी बारव बघायला अलीकडे लोक वाट वाकडी करून येतात. 17 सप्टेंबरला मराठवाड्यातल्या गावोगावच्या शाळांसारखा इथंही सकाळी झेंडा चढतो, मुक्तिसंग्रामावर भाषणं होतात, हुतात्म्यांची नावं घेतली जातात. शेजारच्या वसमतला तर महाविद्यालयच हुतात्मा बहिर्जींच्या नावाचं आहे. हे बहिर्जी शिंदे याच परिसरातल्या वापटीचे. निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात त्यांनी प्राण दिले. भाषणं ऐकून मुलं घरी येतात आणि मोबाइलवर हिंदीत डब केलेला ‘कॅप्टन अमेरिका’ बघतात. यात नाकं मुरडण्यासारखं काही नाही. मुलांना बलदंड, निर्भय, दुबळ्याची बाजू घेणारा नायक हवा असतो आणि तो जिथं चांगला रंगवलेला मिळेल तिथून ती घेतात. पण हा ढालवाला नायक न्यूयॉर्कमधल्या दोन शिंप्यांच्या मुलांनी एका खऱ्या युद्धाच्या तोंडावर कागदावर उतरवला, हे त्या मुलांना कुणी सांगत नाही. आणि अमर चित्र कथेच्या शेकडो अंकांच्या यादीत बहिर्जींच्या नावाचा अंक नाही.

‘युद्ध आणि चित्र’ असा विषय संपादकांनी यंदा दिला, तेव्हा या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात असं ठरवलं. युद्धकाळातले महानायक म्हणजे सरकारी प्रचार, असा एक सरसकट समज आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. हे नायक प्रचारखात्यात जन्मले नाहीत. ज्यांना हल्लेखोराची भीती सगळ्यांत आधी वाटली, अशा माणसांच्या हातून ते जन्मले. नंतर युद्धयंत्रणेनं ते वापरायला घेतले आणि तिथं त्यांचं चित्र बिघडलं. चित्र कुठं बिघडतं, हे ओळखायला शिकलो, तर मराठवाड्याचं स्वतःचं युद्धही नीट काढता येईल.

दुसऱ्या महायुद्धाशी हट्ट्याचं नातं अगदीच नव्हतं असं नाही. तेव्हा हा भाग हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता. निजामाच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या 152 क्रमांकाच्या तुकडीला ‘हैदराबाद’ हे नाव मिळालं होतं. तिच्या चिन्हावर निजामाचं शिरोभूषण होतं, आणि 1940 साली तिची स्पिटफायर विमानं इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजत होती. ज्या संस्थानात रयतेला जबाबदार राज्यपद्धती मागण्याची मुभा नव्हती, त्याच्या तिजोरीतला पैसा हिटलरविरोधी लढाईत खर्च होत होता. एकाच सत्तेची ही दोन रूपं पुढं उपयोगी पडणार आहेत.

आधी ठोसा, मग युद्ध

‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक 20 डिसेंबर 1940 रोजी अमेरिकेतल्या वृत्तपत्रविक्रेत्यांच्या टपऱ्यांवर आला. त्यावर छापलेला महिना होता मार्च 1941. मुखपृष्ठावर अमेरिकेच्या झेंड्याचे रंग अंगावर घेतलेला नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतोय. भोवतीचे नाझी सैनिक गोळ्या झाडतायत आणि त्या ढालीवर आदळतायत. पर्ल हार्बरवर हल्ला झाला 7 डिसेंबर 1941 रोजी. म्हणजे ज्या देशाच्या नावानं हा नायक लढत होता, तो देश आणखी जवळजवळ वर्षभर युद्धात नव्हता. युद्धात पडूच नये, असं मानणारा मोठा वर्ग तिथं होता. उघडपणे हिटलरची बाजू घेणारी जर्मन-अमेरिकन बुंड ही संघटनाही होती. असं चित्र काढा, असं कुठल्याही सरकारी कचेरीनं सांगण्याची ही वेळच नव्हती.

जो सायमन आणि जॅक कर्बी हे त्याचे निर्माते. दोघेही ज्यू, दोघांचेही वडील कपडे शिवण्याच्या धंद्यात. कर्बीचं मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या वस्तीत, गल्लीगल्लीतल्या मारामाऱ्यांत तो वाढला. युरोपात ज्यूंचं काय चाललंय याच्या बातम्या या घरांत नातेवाइकांच्या काळजीसोबत येत. नायकाआधी आपल्याला खलनायक सापडला होता, असं सायमननं पुढं सांगितलं आहे. खलनायक तर जिताजागता समोर होता, त्याच्या तोडीचा नायक तेवढा उभा करायचा होता. म्हणून स्टीव्ह रॉजर्स मुळात पाप्याचं पितर आहे. सैन्यात नाकारला गेलेला हा पोरगा औषधाच्या जोरावर बलवान होतो. हे दुबळ्या माणसाचं स्वप्न आहे आणि ते दुबळ्या बाजूच्या माणसांनीच काढलेलं आहे.

अंक दहा लाखांच्या घरात खपला. शिव्यांची आणि धमक्यांची पत्रं आली, कार्यालयाबाहेर बुंडची माणसं घुटमळू लागली. शेवटी पोलीस संरक्षण मिळालं आणि महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला, अशी आठवण सायमननं नोंदवली आहे. कॉमिक म्हणजे पोरासोरांची करमणूक, तिचा एवढा विचार कशाला, असं म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर आहे. दुसरं उत्तर बर्लिनहून आलं होतं. फेब्रुवारी 1940 मध्ये ‘लुक’ मासिकात सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी त्याची दोन पानांची गोष्ट दिली. त्यात तो हिटलर आणि स्टालिन या दोघांना बखोटीला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढं उभं करतो आणि तिथं त्यांच्यावर निवाडा होतो. दोनच महिन्यांत नाझींच्या एसएस दलाच्या मुखपत्रानं सीगलवर, त्याच्या ज्यू असण्यावर गरळ ओकणारा लेख छापला. ज्यांच्याविरुद्ध ही चित्रं होती, त्यांनी ती मुळीच पोरखेळ मानली नाहीत.

या गोष्टीचा शेवट मला फार मोलाचा वाटतो. सुपरमॅनच्या अंगात कुणालाही चिरडण्याचं बळ आहे, तरी तो आरोपींना न्यायालयात नेतो. दोषी कोण, हे नावानिशी ठरलेलं आहे. जर्मन किंवा रशियन माणूस तिथं आरोपी नाही.

पानामागे दर

ही चित्रं ज्या जागी बनत, ती जागा कलावंताच्या दिवाणखान्यासारखी नव्हती. कर्बीनं काही काळ विल आयस्नर आणि जेरी आयगर यांच्या स्टुडिओत काम केलं. तिथं ओळीनं टेबलं मांडलेली असत. एकानं पेन्सिलीनं आकृत्या बांधायच्या, दुसऱ्यानं शाई चढवायची, तिसऱ्यानं मागची घरं-झाडं भरायची, चौथ्यानं फुग्यांत अक्षरं घालायची. 64 पानांचा अंक, किंमत 10 सेंट, छपाई स्वस्त कागदावर चार रंगांत. रंग जागेवर नीट बसेल याचा भरवसा नसे. म्हणून रेघ जाड, छाया गडद आणि हालचाल ठसठशीत ठेवावी लागे. महानायकांचे भडक निळे-लाल पोशाख आपल्याला शैली म्हणून आवडतात. त्यांच्यामागे या छपाईची अडचणही होती. कर्बीनं तीतूनच वाट काढली. त्याच्या आकृत्या चौकटीत मावत नाहीत. हात-पाय चौकटीची रेघ ओलांडून बाहेर येतात, आणि त्यामुळे ठोसा वाचकाच्या अंगावर आल्यासारखा वाटतो.

मोबदला पानामागे मिळे आणि हक्क प्रकाशकाकडे जात. सीगल-शुस्टर यांनी 1938 साली सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरला देऊन टाकले. उतारवयात दोघांनाही हलाखी सोसावी लागली. 1975 मध्ये वर्तमानपत्रांतून ओरड झाल्यावर त्यांना वार्षिक 20,000 डॉलरचं निवृत्तिवेतन आणि श्रेय मिळालं. सायमन आणि कर्बी यांनी नफ्यातला ठरलेला वाटा मिळत नाही म्हणून 10 अंकांनंतर ‘कॅप्टन अमेरिका’ सोडला. बालमनावर एवढं राज्य करणारा हा धंदा आपल्या कारागिरांशी असा वागला, याची चीड यायलाच हवी.

चेहरा बदलला

अमेरिका युद्धात उतरली आणि चित्रं पालटली. आता शत्रू सरकारनं जाहीर केलेला होता. रायटर्स वॉर बोर्ड ही दिसायला खासगी, पण सरकारी पैशावर चालणारी लेखकांची संस्था होती. कथांचा रोख कसा असावा, हे ती प्रकाशकांना सुचवू लागली. शत्रू म्हणजे वाट चुकलेल्या जनतेवर बसलेला हुकूमशहा, हे चित्र सौम्य ठरू लागलं. सगळी जनताच मुळात तशी, हे अधिक सोयीचं ठरलं. जपान्यांच्या बाबतीत तर कुणाच्या सूचनेचीही गरज पडली नाही. पिवळी कातडी, सुळ्यासारखे दात, जाड भिंगांचे चष्मे असे चेहरे मुखपृष्ठांवर भरले. 1943 मधल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या 58 व्या अंकावर सुपरमॅन छापखान्याचं यंत्र चालवतोय आणि त्यातून जपान्यांना थप्पड मारायला सांगणारी युद्धरोख्यांची जाहिरात बाहेर पडतेय. ज्यानं हिटलरला न्यायालयात नेलं होतं, त्याच्याच हाती हे काम आलं. त्याच काळात अमेरिकेत सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून छावण्यांत ठेवलं होतं आणि त्यांतले सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. चित्रांमुळे छावण्या झाल्या असं मी म्हणणार नाही. पण शेजारी राहणाऱ्या वाण्याचा, माळ्याचा चेहरा शत्रूच्या चेहऱ्यासारखा दिसू लागावा, यासाठी त्या चित्रांनी हातभार लावला.

यावर आक्षेप येईल की चित्रकारांना सज्जन आणि सरकारला दुर्जन ठरवणं फारच सोपं आहे. आक्षेप खरा आहे. 1941 च्या उन्हाळ्यात, अमेरिका युद्धात पडण्याआधीच, सायमन-कर्बी यांच्याच ‘यंग अलाइज’मध्ये एका काळ्या मुलाचं अत्यंत हिणकस विडंबन आलं. स्वतः वंशद्वेषाचे बळी असलेल्या हातांनी दुसऱ्या वंशाची टवाळी केली. तेव्हा सोसलेली भीती माणसाला आपोआप न्यायी बनवत नाही. ती त्याला बळ देते. ते बळ कुणावर रोखायचं, हे प्रत्येक चौकटीत नव्यानं ठरवावं लागतं. हिटलरवर रोखलेला ठोसा आजही ताठ उभा आहे आणि चेहऱ्यामोहऱ्यावर रोखलेली चित्रं आज बघवत नाहीत. फरक चित्रकाराच्या जातकुळीत नाही, नेम कशावर धरला यात आहे.

न्याय्य युद्धात थोडा द्वेष चालायचाच, असंही कुणी म्हणेल. नाझींविरुद्धचं युद्ध न्याय्य होतं याबद्दल मला शंका नाही. पण जो कर्बी स्वतः त्या युद्धात गेला, त्याच्याकडे पाहा. तो 1943 मध्ये भरती झाला आणि ऑगस्ट 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला. हा चित्रं काढतो हे कळल्यावर वरिष्ठांनी त्याला टेहळणीला पुढं धाडलं, कारण शत्रूची ठाणी पाहून तो नकाशे काढू शकत होता. त्या हिवाळ्यात त्याचे पाय गारठून इतके बिघडले की ते कापायचा विचार डॉक्टर करत होते. युद्धानंतर महानायकांचा खप घसरत गेला. ज्यांनी लढाई पाहिली होती, त्यांना न मरणाऱ्या माणसाच्या गोष्टीत रस उरला नसावा.

पुढं कोरियाचं युद्ध चालू असतानाच हार्वी कुर्ट्झमननं युद्धकथांची मासिकं काढली, त्यांत महानायक नव्हताच. 1952 मधल्या त्याच्या इमजिन नदीकाठच्या गोष्टीत एक अमेरिकन सैनिक समोरच्या सैनिकाला पाण्यात दाबून मारतो, आणि वाचकाला त्या मेलेल्या माणसाची कणव येते. देश लढत असताना त्यानं हे छापलं. आणि जपानमध्ये केजी नाकाझावा. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो 6 वर्षांचा होता. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ त्या दिवशी गेले. 1973 पासून त्यानं ‘बेअरफूट गेन’ ही चित्रमालिका काढली. तिच्यात तो अमेरिकेवर संतापतो, पण आपल्याच देशातल्या युद्धखोरांनाही सोडत नाही, आणि शेजारच्या कोरियन माणसाला गावानं कसं वागवलं हेही दाखवतो. सोसलेल्या माणसानं नेम चुकू न देता काढलेलं चित्र कसं असतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

वेताळ, बहादूर आणि पुण्याचे मुळीक

आपल्याकडे महानायक आला तो दोन युद्धांच्या मधोमध. चीनच्या युद्धाला दीड वर्षही झालं नव्हतं आणि पाकिस्तानशी युद्ध पुढच्या वर्षी व्हायचं होतं, अशा मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ म्हणून घरोघरी पोहोचला. महायुद्धात याच फँटमनं जपान्यांशी लढाई केली होती. आपल्या मुलांपर्यंत आला तोवर तो शांत झालेला, जंगलात न्यायनिवाडा करणारा पुरुष होता. तरीही आफ्रिकी टोळ्यांवर वंशपरंपरेनं धाक ठेवणारा गोरा माणूस, हा त्याचा साचा तसाच होता. नाव-गावं थोडी बदलून तो आपण स्वीकारला. 1976 मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी तो काढला. कुर्ता आणि जीन्स घालणारा हा नायक पोलिसांच्या गोळीनं मेलेल्या दरोडेखोराचा मुलगा होता. दरोडेखोराच्या घरात नायक जन्मतो, ही कल्पना मला फार धाडसी वाटते. रक्तावरून माणूस ठरत नाही, हे त्या मालिकेनं पहिल्याच झटक्यात सांगून टाकलं.

मराठी हात या सगळ्यात मोठे होते. अनंत पैंच्या अमर चित्र कथेत पहिला भारतीय विषय आला तो ‘कृष्ण’, आणि तो राम वाईरकरांनी काढला. प्रताप मुळीक, दिलीप कदम यांनी पुराणातले आणि इतिहासातले नायक पिढ्यांच्या डोळ्यांत भरवले. ‘शिवाजी’ मुळीकांचा. 1986 मध्ये राज कॉमिक्सचा नागराज सुरू झाला, तेव्हा त्याची पहिली शरीरयष्टीही मुळीकांनीच घडवली. दहशतवाद्यांशी लढणारा हिंदी पट्ट्यातला सर्वांत लाडका महानायक पुण्याच्या चित्रकाराच्या हातून उभा राहिला, हे महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक असेल? त्याआधी, चाळीसच्या दशकापासून, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं मिळत होती, आणि दीनानाथ दलालांनी तर 1945 मध्ये ‘दीपावली’ हा दिवाळी अंकच काढला. आपल्या वाचकाला लेखकाइतकाच चित्रकार ओळखीचा असण्याचा तो काळ होता.

पण अमर चित्र कथेतही चेहऱ्यांचा प्रश्न सुटला नाही. नायक गोरा, असुर काळा, आक्रमक दाढीवाला आणि क्रूर नजरेचा, ही घडण अभ्यासकांनी पुराव्यानिशी दाखवली आहे. चित्रकारांचं कसब वादातीत आहे. तरीही साचा होता आणि तो मुलांच्या मनात उतरला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

1948 कसं काढायचं

आता हट्ट्याकडे. मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम चित्रकथेसाठी विलक्षण विषय आहे. सरहद्दीवरच्या छावण्या, रात्रीचे हल्ले, स्वामी रामानंद तीर्थांची सत्याग्रही फळी, 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची भारतीय लष्कराची कारवाई असं सगळं त्यात आहे. कुणीतरी हे चित्रांत आणणार आहे, आज ना उद्या. आणि इथंच युद्धकाळच्या कॉमिक्सचा अनुभव कामी येतो. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, काढताना चित्रकाराच्या हाताला सर्वांत सोपी वाट दिसेल ती चेहऱ्याची. टोपी, दाढी, लाल डोळे काढले की वाचक ओळखेल. असं चित्र 17 सप्टेंबरला हट्ट्याच्या शाळेत वाटलं, तर वर्गातल्या मुसलमान मुलानं त्यात स्वतःला कुठं शोधायचं?

असं केलं नाही तर अत्याचार झाकले जातील, ही भीती अनेकांना वाटते. ती चुकीची आहे. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, ते तसंच काढलं पाहिजे, जराही मवाळ न करता. पण नेम नावानिशी हवा. कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस, इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष आणि रझाकारांचा म्होरक्या. त्याचा चेहरा काढा, त्याची भाषणं काढा, तो कुणाच्या आधारावर उभा होता ते काढा. आणि त्याच पुस्तकात शोएबुल्ला खान काढा. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक. संस्थानानं भारतात सामील व्हावं असं लिहीत राहिला, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्याला भर रस्त्यात गाठलं, गोळ्या घातल्या, लिहिता हात तोडला. वय अवघं 28 च्या आसपास. महानायकाच्या कथेला यापेक्षा वेगळं काय लागतं?

निजामाच्या गणवेशातला माणूसही एका रंगात मावत नाही. अर्देशिर तारापोर हे हैदराबादच्या फौजेतले अधिकारी. महायुद्धात त्या फौजेतून लढले, संस्थान विलीन झाल्यावर भारतीय सैन्याच्या पूना हॉर्समध्ये आले, आणि 1965 च्या युद्धात रणगाड्यांच्या लढाईत धारातीर्थी पडून परमवीर चक्राचे मानकरी ठरले. आणि कारवाईनंतर काय झालं, तेही पुस्तकात हवं. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं बीदर, गुलबर्गा, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत मुसलमानांवर सर्वाधिक अत्याचार झाल्याचं नोंदवलं. संस्थानभरातल्या बळींचा तिचा अंदाज 27 ते 40 हजारांचा आहे. मुलांना हे सांगू नये, असं वाटणाऱ्यांनी नाकाझावाकडे बघावं. त्यानं आपल्या देशाचं दुःख सांगितलं आणि देशाचा दोषही. त्यामुळे त्याच्या दुःखावर जगानं विश्वास ठेवला.

म्हणून एक मागणी करावीशी वाटते. मराठवाड्यातल्या शिक्षणसंस्थांनी आणि प्रकाशकांनी मुक्तिसंग्रामाची चित्रकथा काढावी आणि ती परभणी-हिंगोली-नांदेडच्या तरुण चित्रकारांकडून काढून घ्यावी. वसमतला बहिर्जींच्या नावानं महाविद्यालय आहे, तिथून सुरुवात व्हावी. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर असावं, मोबदला आधी ठरावा, मूळ पानं त्याच्याकडेच राहावीत. जॅक कर्बीला आपण काढलेल्या हजारो मूळ पानांपैकी सुमारे 2,000 पानं परत मिळायला 1987 साल उजाडावं लागलं. तेव्हा तो सत्तरीला आला होता.